चव चालते, वास चालत नाही: मुनिरक्याच्या टेबलावरच्या छोट्या बश्या



'काल जेवायला मजा आली' असं आपण म्हणतो, तेव्हा एक जुना फारसी शब्द नकळत त्याच्या मूळ जागी नेऊन ठेवतो. फारसीत 'मझे' म्हणजे चव. हा शब्द पश्चिमेला तुर्कस्तानात गेला आणि 'मेझे' झाला. पेल्याबरोबर समोर येतात त्या छोट्या बश्या: थोडं चीज, थोडे ऑलिव्ह, वांग्याचं भरीत, दह्यातली काकडी. तोच शब्द पूर्वेला आपल्याकडे आला आणि 'मजा' झाला. बशी वाटेत राहिली, आनंद तेवढा पोचला. बरं, बशी आपल्याकडे नव्हती असंही नाही. तिला आपण 'चाखणे' या क्रियापदावरून नाव दिलं, चाखणा. मुंबईच्या परमिट रूममध्ये त्याचा चकणा झाला आणि शेंगदाण्याबरोबर फुकट मिळू लागला. म्हणजे तुर्कांचा मेझे आणि आपला चकणा, दोन्हींचा अर्थ एकच: चव घेऊन बघा.

आजचा विषय हाच आहे. चार देशांचे पदार्थ छोट्या बश्यांमध्ये मागवायचे, सगळ्यांनी मध्ये ठेवून वाटून खायचे, अशी उपाहारगृहं आता सगळ्या मोठ्या शहरांत आहेत. त्यांचा इतिहास सांगायचा तर आपण एखाद्या पंचतारांकित हॉटेलात जाऊ शकलो असतो. मी तुम्हाला दिल्लीतल्या मुनिरक्यात नेणार आहे. तिथे एका टेबलावर इतक्या ठिकाणच्या बश्या का जमल्या, याची कारणं जमिनीच्या सातबाऱ्यापर्यंत जातात, आणि त्यातल्या एका बशीवरून भांडणंही झाली आहेत.

आधी जगाकडे एक धावती नजर टाकू. स्पेनमध्ये 'तापा' म्हणजे झाकण. पेल्यात माशी पडू नये म्हणून वर पावाचा किंवा मांसाचा काप ठेवत, त्यावरून 'तापास' हे नाव आलं असं सांगतात. ही गोष्ट सांगायला बरी आहे, तिच्या आवृत्त्याही पाचसहा आहेत, तेव्हा फार भर देऊ नये. दक्षिण चीनमध्ये कँटनच्या चहाघरांत चहाबरोबर वाफवलेल्या पुड्या येत. तो 'डिम सम', शब्दशः हृदयाला स्पर्श करणारा. रशियात 'झाकुस्की', कोरियात भाताभोवती मांडलेल्या 'बानचान'च्या वाट्या. यात एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या बश्या कशाच्या तरी सोबतीला होत्या. मेझे मद्याच्या, डिम सम चहाच्या, बानचान भाताच्या. आपल्या ताटाची डावी बाजू घ्या ना. मीठ, लिंबू, लोणचं, चटणी, कोशिंबीर. ती उजव्या बाजूच्या भाजीच्या आणि मधल्या भाताच्या आधाराने जगते. नुसती डावी बाजू वाढून 'झालं जेवण' म्हटलं, तर पाहुणा उठून जाईल. आजच्या छोट्या बश्यांच्या उपाहारगृहाने नेमकं तेच केलं आहे. जगभरच्या ताटांच्या डाव्या बाजू उचलल्या आणि एका टेबलावर ठेवल्या. भात कुठे गेला, हे कुणी विचारत नाही.

आता मुनिरका. दक्षिण दिल्लीत, बाह्य रिंग रोडला लागून. मेट्रोच्या मॅजेंटा मार्गिकेवर स्टेशन आहे, ते २०१८ च्या मे महिन्यात सुरू झालं. एका अंगाला वसंत विहार, दुसऱ्या अंगाला रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहती, पलीकडे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. या सगळ्यांच्या मध्ये दाबून बसलेलं एक गाव. हो, गावच. टोकस गोत्राच्या जाटांचं जुनं गाव. दिल्ली विकास प्राधिकरण १९५७ मध्ये स्थापन झालं, आणि त्यानंतरच्या वर्षांत राजधानी वाढवण्यासाठी भोवतालच्या गावांच्या शेतजमिनी सरकारने संपादित केल्या. कायदा तोच, इंग्रजांचा १८९४ सालचा. विद्यापीठाचा कायदा १९६६ चा, स्थापना १९६९ ची, परिसर सुमारे हजार एकरांचा. मुनिरक्याची आणि शेजारच्या गावांची जमीन अशा कामांना गेली.

शेत गेलं, पण घरं राहिली. दिल्लीत एक संज्ञा आहे, 'लाल डोरा'. १९०८ पासून महसुली नकाशावर गावाच्या वस्तीभोवती लाल रेघ मारत, ती ही रेघ. आपल्याकडे ज्याला गावठाण म्हणतात तेच. या रेघेच्या आत शहराचे बांधकामाचे नियम लागू नव्हते. आता शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. हातात नुकसानभरपाईची रक्कम आहे, नांगरायला जमीन नाही, आणि एक वाडा आहे ज्यावर किती मजले चढवायचे हे विचारणारं कुणी नाही. दाराशी विद्यापीठ आहे, म्हणजे खोली शोधणारी मुलं आहेत. त्याने मजले चढवले. गुरांच्या गोठ्याच्या जागी चार-पाच मजली इमारती आल्या. गल्ल्या मात्र बैलगाडीच्या वेळच्याच राहिल्या. आज मुनिरक्याच्या आतल्या गल्लीत दोन इमारतींच्या खिडक्या इतक्या जवळ आहेत की समोरच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मोजता येतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाड्याने राहायला कोण आलं? पहिल्यांदा विद्यार्थी. या विद्यापीठाच्या प्रवेशात बराच काळ मागास जिल्ह्यांतून येणाऱ्यांना जादा गुण मिळत. त्यामुळे आपल्या मराठवाड्यातली, विदर्भातली मुलं तिथे पोचली, तशी मणिपूर, नागालँड, मिझोरमचीही पोचली. ज्यांना वसतिगृह मिळालं नाही त्यांनी गावात खोली घेतली. मग २००० नंतर गुडगावची कॉल सेंटर्स, मॉलमधली दुकानं, हॉटेलं, सलून. ईशान्येकडच्या तरुणांना तिथे नोकऱ्या मिळाल्या आणि मुनिरक्याच्या खोल्या भरल्या. गावी नोकऱ्या नव्हत्या, कित्येक ठिकाणी संचारबंदी आणि बंद ही रोजची गोष्ट होती. चार मुलं एका खोलीत, एक गॅसची शेगडी, आणि गावाकडून आलेलं डबाभर काहीतरी. पुण्यात शिकलेल्या कुणालाही हे चित्र समजावून सांगायला नको.

या माणसांसाठी आधी दुकानं निघाली, मग चार टेबलांची उपाहारगृहं. आता असं एक टेबल डोळ्यांसमोर आणा. त्यावर मोमो आहेत. कोरियन नूडल्सचा वाडगा आणि किमची आहे. मणिपुरी 'सिंजू' आहे, म्हणजे बारीक चिरलेल्या कोबी-कमळकाकडीसारख्या भाज्यांची झणझणीत कोशिंबीर. 'इरोम्बा' आहे, उकडलेल्या भाज्या मिरचीबरोबर आणि 'ङारी' नावाच्या आंबवलेल्या सुक्या मासळीबरोबर चेचलेल्या. आणि एक नागा बशी आहे, डुकराचं मांस अखुनी घालून. यातली एकही बशी कुण्या शेफच्या कल्पनेतून आलेली नाही. प्रत्येकीच्या मागे एक साल आहे.

मोमो घ्या. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, मागोमाग हजारो तिबेटी आले. दिल्लीत यमुनेकाठी मजनू का टिला इथे त्यांची वसाहत झाली. मोमो अर्थात फक्त तिबेटी नाही. ल्हासाशी व्यापार करणाऱ्या नेवार व्यापाऱ्यांमुळे तो काठमांडूतही केव्हाच रुजला होता, आणि सिक्कीम-दार्जिलिंगमार्गे नेपाळी माणसांनीही तो खाली आणला. १९९४ मध्ये दिल्ली हाट सुरू झालं. तिथे राज्याराज्यांचे खाद्यपदार्थांचे गाळे होते, आणि ज्या दिल्लीकराने आयुष्यात ईशान्येचा नकाशा नीट पाहिला नव्हता त्याने तिथे मोमो खाल्ला. पुढे तो कोपऱ्याकोपऱ्यावर गेला. मग दिल्लीने त्याला तंदूरमध्ये घातलं. आता हा तंदूर कुठला? फाळणीनंतर पेशावरकडून आलेल्या निर्वासितांनी दर्यागंजमध्ये 'मोती महल' काढलं, तंदुरी कोंबडी शहरभर झाली. (बटर चिकन नेमकं कुणी शोधलं यावर २०२४ मध्ये दोन उपाहारगृहं दिल्ली उच्च न्यायालयात गेली आहेत. न्यायमूर्तींना बशी दाखल करून घ्यावी लागली की नाही, कल्पना नाही.) तेव्हा तंदुरी मोमोच्या बशीत १९४७ आणि १९५९ ही दोन्ही सालं बसलेली आहेत. दोन निर्वासित एका काडीला टोचलेले.

किमची आणि कोरियन नूडल्स नागा-मणिपुरी टेबलावर कशा? लोक म्हणतात, कोरियन मालिकांची लाट. लाट खरी, पण मणिपुरात ती उरलेल्या भारताच्या पुष्कळ आधी आली. सप्टेंबर २००० मध्ये तिथल्या एका भूमिगत सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. चित्रपटगृहांतून आणि केबलवरून हिंदी गेली. पोकळी भरायला 'अरिरांग' ही कोरियन वाहिनी आली, मालिकांच्या सीड्या आल्या, केसांच्या ठेवणी आल्या. मागोमाग पाकिटातल्या नूडल्स. जिभेला फार कष्ट पडले नाहीत, कारण आंबवलेलं, तिखट आणि आंबट ही चव तिथे घरचीच होती. बंदी घालणाऱ्यांच्या मनात मणिपुरी संस्कृतीचं रक्षण होतं. त्यातून दिल्लीच्या एका गल्लीत किमची पोचेल, हे त्यांच्या गावीही नसणार.

आता अखुनी. इथे जरा थांबू, कारण आपल्या विषयाचं मर्म याच बशीत आहे.

रोमन लिपीत याचं स्पेलिंग वाचलं तर कुणीही 'अ‍ॅक्सोन' म्हणेल. उच्चार अखुनी. शब्द सुमी नागांचा, आणि त्याचा अर्थच मुळी 'उग्र वास' असा आहे. सोयाबीन उकडायचं, पाणी निथळायचं, पानात बांधायचं आणि चुलीजवळ उबेला काही दिवस ठेवायचं. बॅसिलस जातीचे जिवाणू कामाला लागतात, दाणे बुळबुळीत होतात, तार सुटते, अमोनियासारखा दर्प येतो. मग ते चेचून चटणीत किंवा धुरावलेल्या डुकराच्या मांसात घालतात. भुत जोलोकिया मिरची, जी २००७ मध्ये गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट ठरली होती, तीही असते. (मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलेली. एवढा प्रवास करून नागा टेकड्यांत तिने हा पराक्रम केला.)

पण अखुनी एकटी नाही. मणिपुरात याच सोयाबीनचं 'हवाइजार', मेघालयात खासींचं 'तुंगरिंबाई', मिझोरमात 'बेकांग', सिक्कीम आणि पूर्व नेपाळात 'किनेमा'. जपानमध्ये 'नात्तो'. कोरियात 'चोंगुकजांग'. नाकाओ सासुके नावाचे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १९५८ मध्ये ते भूतानमध्ये फिरले होते. १९७२ मध्ये त्यांनी एक कल्पना मांडली: नकाशावर जपान, जावा आणि पूर्व हिमालय हे तीन बिंदू जोडा, जो त्रिकोण होईल तो आंबवलेल्या सोयाबीनचा प्रदेश. त्याला त्यांनी 'नात्तो त्रिकोण' म्हटलं. सगळे अभ्यासक हे जसंच्या तसं मानत नाहीत, मूळ जागा एकच होती की अनेक, यावर वाद आहेत. पण त्रिकोणाने एक काम केलं. ज्याला दिल्लीत कोपऱ्यातल्या कुणाचं तरी विचित्र खाणं समजत होते, ते अर्ध्या आशियाचं रोजचं खाणं आहे, हे नकाशावर दिसलं. दिल्ली त्रिकोणाच्या बाहेर पडते, इतकंच.

आणि या बाहेरच्या जागेत ते शिजवायचं होतं, कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात अशा गल्लीत. खाली मालकाचं घर, जिथे दूध-दही-तुपाचं कौतुक आणि कित्येक घरांत मांस शिजत नाही. वर भाडेकरू, ज्यांच्या घरून नुकतीच अखुनी आली आहे. वास जिन्याने खाली उतरला की तक्रार वर चढते. गटार फुटलं का, काही मेलंय का, अशी चौकशी होते. मालकाचं नाक खोटं बोलत नाही, हे मान्य करायला हवं. ज्याच्या घरात हा वास पिढ्यांत आलेला नाही त्याला तो असह्य होऊ शकतो. खुद्द जपानमध्ये पूर्वेकडची माणसं नात्तो आवडीने खातात आणि ओसाकाकडची बरीचशी नाक मुरडतात. प्रश्न नाकाचा नाही. प्रश्न असा की वास कुणाचा, खोली कुणाची, आणि निघून जायला कुणाला सांगायचं.

हे प्रकरण सरकारी कागदापर्यंत गेलं. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षिततेच्या सूचनांची एक पुस्तिका काढली. कपडे कसे घालावेत हे त्यात होतं, आणि बांबूचे कोंब, अखुनी वगैरे वासाचे पदार्थ शेजारात गोंधळ न होता शिजवावेत, हेही होतं. ती तयार करणारा अधिकारी स्वतः अरुणाचलचा होता, आणि हेतू मुलांना त्रास होऊ नये हाच असावा. पण वाचणाऱ्याला त्यातून काय कळलं? की राजधानीच्या पोलिसांच्या लेखी त्याच्या आईच्या हातची भाजी ही कायदा-सुव्यवस्थेची बाब आहे. पुस्तिकेवर टीका झाली, व्हायलाच हवी होती.

सात वर्षांनी, जानेवारी २०१४ च्या अखेरीस, अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याला लाजपतनगरात मारहाण झाली. कुणीतरी त्याच्या केसांवरून चेष्टा केली, तिथून भांडण सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तो गेला. शहरभर निदर्शनं झाली. त्याच फेब्रुवारीत, मुनिरका गावातल्या बैठकीत ईशान्येच्या भाडेकरूंना घरं सोडायला सांगायचं ठरल्याच्या बातम्या आल्या, आणि त्याविरुद्धही मुलं रस्त्यावर आली. केंद्राने बेझबरुआ समिती नेमली, तिचा अहवाल जुलै २०१४ मध्ये आला. या सगळ्यात अन्न हा अनेक मुद्द्यांतला एक होता. पण भाड्याची खोली मिळेल की नाही हे ज्या प्रश्नावर ठरतं, तो बहुतेक वेळा स्वयंपाकघरातूनच येतो.

मानववंशशास्त्रज्ञ डॉली किकोन यांनी अखुनीवर गंभीरपणे लिहिलं आहे. आणि निकोलस खारकोंगोर यांचा 'अ‍ॅक्सोन' नावाचा चित्रपट २०१९ मध्ये आला. मैत्रिणीच्या लग्नासाठी अखुनी घालून डुकराचं मांस शिजवायचं आहे, आणि दिल्लीत ते शिजवायला जागा मिळत नाही, एवढीच कथा. ती घडते हुमायूंपूरमध्ये, मुनिरक्याहून थोड्याच अंतरावरच्या अशाच एका लाल डोऱ्यातल्या गावात.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर गिरणगावात चला. कोकणातून आलेला गिरणी कामगार असाच दहा-बारा जणांच्या खोलीत राहायचा. बायको-मुलं गावी. जेवण खाणावळीत, चाळीतल्याच एखाद्या बाईच्या हातचं. या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या स्वतः गोवा मुक्तिलढ्यातल्या. त्या चाळींत सुके बोंबील भाजले जात, सुकटीची चटणी होई, आणि तक्रार करायला कुणी नव्हतं, कारण शेजारीही रत्नागिरीचा आणि त्याच्याही तव्यावर तेच. मणिपूरची ङारी आणि आपली सुकट यांत नात्याने फार अंतर नाही. आता गिरण्या गेल्या, टॉवर आले, आणि त्याच मुंबईत 'मांसाहारी भाडेकरू नको' हे मराठी माणसाला ऐकावं लागतं. तेव्हा आपण चिडतो, आणि रास्त चिडतो. पण पुण्यात किंवा मुंबईत एखाद्या नागा मुलीला खोली देताना 'तुम्ही लोक काय काय खाता?' असं विचारणारेही आपल्यातलेच असतात. ज्याला बोंबलावरून घर नाकारलं गेलं त्याला अखुनीचं दुःख लगेच कळावं, अशी आपली भाबडी समजूत. तसं होत नाही.

आणि आता हीच अखुनी छोट्या बशीत आली आहे. दक्षिण दिल्लीच्या उपाहारगृहांत स्पॅनिश, कोरियन, थाई पदार्थांच्या यादीत तिला जागा मिळते. बशी छोटी असल्याने धीर होतो. नाही आवडलं तर पुढची मागवा, पोटभर खायची सक्ती नाही. हा छोट्या बशीचा खरा गुण आहे आणि मी तो कमी लेखणार नाही. पूर्ण ताट समोर आलं असतं तर ज्याने हातही लावला नसता, तो दोन घास चाखतो. पण चाखणाऱ्याला वास बशीपुरताच भेटतो. वर धुराडं असतं, एसी असतो, आणि तासाभराने तो घरी जातो. ज्या इमारतीत ही बशी कौतुकाने खाल्ली जाते तिच्याच मागच्या गल्लीत कुणीतरी दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून तीच शिजवत असू शकतं.

मुनिरक्यातल्या ईशान्येच्या दुकानांत अखुनी आता पाकिटात मिळते. सुक्या मासळीच्या, बांबूच्या कोंबांच्या आणि भुत जोलोकियाच्या शेजारी मांडलेली. पानाच्या जागी प्लास्टिक आलं आहे. पाच मजल्यांच्या भाड्याच्या खोलीत चूल नसते, तेव्हा दाणे गावाकडेच मुरतात आणि तयार होऊन येतात. पाकीट घट्ट बंद असतं. जिना चढताना खालच्या मजल्यावर काही कळत नाही. वर जाऊन ते फोडेपर्यंत.